छाटलेल्या बागेत बघायचं काय? (व्हिला कार्लोता, लेक कोमो)

भटक्या७२: एप्रिलअखेरीस इटलीत लेक कोमोकाठच्या त्रेमेझ्झो गावात व्हिला कार्लोता पाहिला. तळ्याकाठचं १६९०च्या सुमाराचं घर, आठेक हेक्टर बाग. शिरल्याशिरल्या इटालियन बाग लागते: कारंजं, दोन्ही अंगांना जुळे जिने आणि ओळंबा लावून छाटल्यासारखी झाडं. कॅमेलियासारख्या फुलझाडाचंसुद्धा कुंपण करून टाकलंय, आपण मेंदीचं करतो तसं! बाजूला अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉनची फुलझुडपं, नुसती उधळलेली, तिथे जीव रमला. दर्शनी बाजूचा तो छाटलेला प्रकार म्हणजे घर बांधवून घेणाऱ्या मार्किस (उमराव) क्लेरिचींचा तोरा.

मिलानकर: साफ असहमत. बसने गेलात ना? ती बाग पाण्यावरून बघायची. फाटक, कारंजं, जिने, घराचं दार सगळं एका रेषेत आहे. बोट काठाला लागेपर्यंत एकेक टप्पा वर चढत जातो. तिथे झाडं भिंतीचं काम करतात. भिंत वेडीवाकडी वाढवून कसं चालेल?

भटक्या७२: बसनेच गेलो, कबूल. पण फाटक आणि तळं यांच्यामधून आता मोटाररस्ता जातो, त्याचं काय? तुमची रेष तिथेच तुटली. मग कात्री कुणासाठी चालवायची?

कुंडीवाला: रस्त्याचा मुद्दा बरोबर. पण ते ‘उधळलेले’ ऱ्होडोडेंड्रॉन आपोआप उगवले असं वाटतंय का? या घराला जिचं नाव आहे ती प्रशियाची राजकन्या कार्लोता १८५५ मध्ये तेविसाव्या वर्षी गेली. बाग पुढे तिच्या नवऱ्याने, साक्स-मायनिंगेन या जर्मन संस्थानाच्या गेऑर्गने वाढवली. या झाडांना आम्ल माती लागते, ओलावा लागतो. माझ्या गच्चीवर दोन वर्षांत दोन अझेलिया मेल्या, म्हणून सांगतो. मोकळं दिसणारी बागही तितकीच राबवून घेते, फक्त कात्री दिसत नाही.

सुमाताई: तुमचं चालू द्या. जुळे जिने फोटोत छान, गुडघ्यांना नाहीत. मी दोनदा बसले. पण वरच्या टप्प्यावर लिंबू-संत्र्यांचा मांडव आहे, त्याच्याखाली सावलीत उभं राहिलं की पानांमधून तळं दिसतं. तेही छाटलेलंच आहे हो भटक्या, तिथे का नाही तक्रार केलीत?

भटक्या७२: तिथे मी वीस मिनिटं बसलो होतो. तरी कॅमेलियाबद्दल मत बदललेलं नाही.