जी १००० : एम.एफ.डी. अधूनमधून काळा पडतो, ब्रेकर मात्र जागच्या जागी

शेवटचा_हँगर
विमान सेस्ना १७२एस, पॅनेल गार्मिन जी १००० (दोन पडदे : डावीकडे उड्डाणाची माहिती देणारा पी.एफ.डी., उजवीकडे नकाशा आणि इंजिन दाखवणारा एम.एफ.डी.), ऑटोपायलट के.ए.पी. १४०, दोन्ही डिस्प्ले जी.डी.यू. १०४०, पार्ट नंबर एकच. आठवड्यातून दोन-तीनदा स्नॅग (पायलटने लिहिलेली तक्रार) येतो : एम.एफ.डी. अचानक काळा, थोड्या वेळाने आपोआप परत. बहुतेक वेळा लँडिंगच्या आसपास. त्याचा सर्किट ब्रेकर उडत नाही. जी.पी.यू. (जमिनीवरून वीज देणारं यंत्र) लावून दोन तास चालू ठेवला तर काहीही होत नाही. पॉवर आणि ग्राउंडच्या वायरी मल्टिमीटरने तपासल्या, ०.२ ओहम येतात. बाहेर ४३ अंश आहे, त्यामुळे उष्णतेचा संशय आहे. डिस्प्ले दुरुस्तीला पाठवायच्या आधी आणखी काय बघावं?

निळी_वायर
डिस्प्ले इतक्यात काढू नका. आधी पायलटला तीन प्रश्न विचारा.

पहिला : परत आला तेव्हा थेट नकाशा दिसला, की डेटाबेसची माहिती असलेलं सुरुवातीचं पान येऊन ई.एन.टी. दाबावं लागलं? सुरुवातीचं पान आलं असेल तर युनिट रीबूट झालंय, म्हणजे पॉवर किंवा ग्राउंड तुटला. थेट नकाशा आला असेल तर युनिट जिवंतच होतं आणि नुसती बॅकलाइट गेली होती.

दुसरा : त्या वेळी पी.एफ.डी. स्वतःहून रिव्हर्जनरी मोडमध्ये (दोन्ही पडद्यांची माहिती एकावर) गेला का, म्हणजे इंजिनाचे गेज डावीकडे आले का? एम.एफ.डी. गायब झाल्याचं सिस्टिमला कळलं तर ते आपोआप होतं. नुसती बॅकलाइट गेली तर सिस्टिमच्या लेखी सगळं ठीक असतं, आणि पायलटला लाल डिस्प्ले बॅकअप बटण स्वतः दाबावं लागतं.

तिसरा : कॉम २, नॅव्ह २ (दुसरा रेडिओ आणि नॅव्हिगेशन रिसीव्हर) किंवा ट्रान्सपाँडरही त्याच क्षणी गेला का? गेला असेल तर या सगळ्यांना आणि एम.एफ.डी.ला वीज देणाऱ्या एव्हिऑनिक्स बस २ चा स्विच आणि त्याची फीड वायर बघा, डिस्प्लेच्या मागे लागू नका.

पायलटला आठवत नसेल तर एस.डी. कार्ड सांगेल. एम.एफ.डी.च्या वरच्या खाचेत कार्ड असेल आणि सॉफ्टवेअर लॉगिंग करणारं असेल, तर दर सेकंदाला एक ओळ लिहिली जाते आणि प्रत्येक पॉवर-अपला नवी फाइल सुरू होते. एका उड्डाणाच्या दोन फाइली सापडल्या की वाद मिटला, युनिट रीबूट झालं. पहिल्या फाइलच्या शेवटच्या ओळींत व्होल्टचा रकाना बघा. तिथे २८ च्या आसपास स्थिर आकडा असेल तर बस शाबूत आहे, दोष बस आणि डिस्प्लेच्या मधे आहे.

बी२_वाला
उष्णतेबद्दल : गरम झालेला जी.डी.यू. एका झटक्यात काळा होत नाही. आधी एम.एफ.डी. कूलिंगचा मेसेज येतो, युनिट वीज वाचवायला लागतं, पडदा मंद होतो. मेसेज नसेल आणि पडदा टचकन गेला असेल तर पंख्याला दोष देऊ नका. पंखे तरी एकदा बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. या विमानात चार आहेत : दोन डिस्प्लेंच्या मागच्या हीटसिंकवर, एक पॅनेलच्या पुढची गरम हवा विंडशील्डकडे फेकणारा, एक टेलकोनमध्ये. पातळ कागदाची पट्टी धरून वारा लागतो का पाहा, नुसत्या आवाजावर भरवसा नको.

०.२ ओहमचा या बाबतीत काही उपयोग नाही. मीटर काही मिलिअँपिअर सोडतो, तेवढा प्रवाह एका केसाएवढ्या तारेतूनही सुखाने जातो. लोड लावून बघायला हवं.

मास्टर बंद, एम.एफ.डी.चा ब्रेकर ओढलेला. ३/३२ इंची हेक्स चावीने चारही क्वार्टर-टर्न फास्टनर डावीकडे फिरवा, डिस्प्ले दुसऱ्या माणसाच्या हातात द्या, मागचा कनेक्टर सोडवा. हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) कनेक्टरला बसणारा जोडीचा कनेक्टर घ्या, वायरिंग डायग्रॅम बघून फक्त पॉवर आणि ग्राउंडच्या पिनांना वायरी जोडा आणि त्यांच्यामधे २८ व्होल्टचा, अर्धा ते एक अँपिअर खेचणारा फिलामेंट बल्ब लावा. एल.ई.डी. नको, ती जेमतेम प्रवाहावरही लखलखते. आता जी.पी.यू. लावून ब्रेकर दाबा आणि दोन ठिकाणी व्होल्ट मोजा : ब्रेकरच्या लोडच्या टोकापासून बल्बपर्यंत, आणि बल्बच्या ग्राउंडपासून एअरफ्रेमपर्यंत. एफ.ए.ए.च्या ए.सी. ४३.१३-१बी या मार्गदर्शक पुस्तिकेप्रमाणे २८ व्होल्टच्या सिस्टिमला सतत चालणाऱ्या लोडसाठी एकूण १ व्होल्टपर्यंत घट चालते. एवढ्याशा बल्बवर ती त्याच्या पुष्कळ खाली असायला हवी.

मग एकाने बल्बवर नजर ठेवायची, दुसऱ्याने हार्नेस वीतवीत अंतरावर हलवायचा. लँडिंगला जातो म्हणता, तर योक (पायलटच्या हातातलं कंट्रोलचं चाक) पूर्ण मागे-पुढे आणि दोन्ही बाजूंना वळवून बघा. फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलताना) योक मागे येतो तेव्हा पॅनेलमागच्या नळ्याही सरकतात.

आणि कृपा करून मीटरचा जाड प्रोब कनेक्टरच्या सॉकेटमध्ये घालू नका. सॉकेट पसरतो आणि एका दोषाचे दोन होतात. पकड बघायची तर त्याच मापाची सुटी पिन घालून ओढून पाहा, प्रत्येक सॉकेटला सारखीच जड लागली पाहिजे. वायरही मागून हलकेच ओढा. पिन नीट लॉक झाली नसेल तर मागे सरकते.

स्पॅनर_आणि_चहा
दोन्ही डिस्प्लेंचे पार्ट नंबर एकच आहेत तर आपसात बदलून का बघत नाही? दोष डिस्प्लेबरोबर गेला तर युनिट, जागेवर राहिला तर वायरिंग.

बी२_वाला
जमिनीवर चालेल. पण दोष जमिनीवर येतच नाही, म्हणजे बदलून उडवावं लागेल, आणि संशयित युनिट पी.एफ.डी.च्या जागी बसवून विद्यार्थ्याला वर पाठवायला माझी सही मिळणार नाही. शिवाय अदलाबदलीनंतर सॉफ्टवेअर आणि कॉन्फिगरेशन मॅन्युअलप्रमाणे तपासावं लागतं. बल्बची चाचणी स्वस्त पडते.

शेवटचा_हँगर
कार्डावर एकाच उड्डाणाच्या दोन फाइली सापडल्या, शेवटच्या ओळींत २८.१ व्होल्ट. म्हणजे रीबूटच. पंखे चारही ठीक. बल्ब लावला, हार्नेस हलवून काही झालं नाही. योक पूर्ण मागे ओढला की बल्ब विझतो, सोडला की लागतो. एअरफ्रेमच्या सापेक्ष ग्राउंडच्या बाजूला तेव्हा जवळजवळ पूर्ण २८ व्होल्ट येतात, म्हणजे ग्राउंड तुटतोय. उजव्या योकच्या नळीजवळ हार्नेसचा एक क्लॅम्प जागेवर नाही, फांदी लोंबून नळीला घासते. ग्राउंडच्या लगला (वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्याला) ओढ बसते तिथे, क्रिंपच्या (दाबून बसवलेल्या जोडाच्या) मानेशी, १९ पैकी बहुतेक तारा तुटलेल्या, उरलेल्या नुसत्या टेकलेल्या. इन्सुलेशनने झाकलं गेल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नव्हतं. नवा लग टाकून विमान सोडू का?

निळी_वायर
थांबा. पडदा आता दुय्यम झाला. हार्नेस कंट्रोलच्या नळीला अडकू शकतो, तोपर्यंत विमान जागचं हलवायचं नाही. स्नॅगमध्ये हे वेगळी नोंद म्हणून लिहा, ‘एम.एफ.डी. दुरुस्त’ एवढ्यात दडपू नका. ती सगळी फांदी आरशाने आणि टॉर्चने पाहा. घासलेल्या जागी इन्सुलेशन कापलं गेलं असेल तर ती वायर बदला, टेप गुंडाळू नका. क्लॅम्प मॅन्युअलमधल्या जागीच हवा. शेजारच्या नळीला टाय-रॅप मारणं म्हणजे तोच दोष नव्या जागी नेणं.

बी२_वाला
लग : मानेपासून वायर कापल्यावर लांबी कमी पडली तर ओढून बसवू नका, वायर नवी टाका. जुन्या क्रिंपवर सोल्डर तर नकोच. सोल्डर संपतं तिथे तारा कडक होतात आणि पुन्हा तिथेच तुटतात. त्या लगच्या मापाचं रॅचेट क्रिंपिंग टूल हवं, पक्कड नव्हे. स्टडच्या (लग बसतो त्या बोल्टच्या) जागी रंग किंवा गंज असेल तर धातू उघडा करा, बाँडिंग (लग आणि एअरफ्रेममधला रोध) ०.००३ ओहमच्या आत आणा.

त्याच स्टडवर आणखी कोणाचे लग आहेत तेही ओढून पाहा. पी.एफ.डी.ला इसेन्शियल बस आणि एव्हिऑनिक्स बस १ अशा दोन फीड असतात, त्यामुळे एक तुटली तरी पडदा चालूच राहतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. एकेक ब्रेकर ओढून दोन्ही बाजूंनी तो जिवंत राहतो का बघा.

शेवटी डिस्प्ले बसवून पुन्हा जी.पी.यू. लावा आणि योक चारही टोकांना वीस-पंचवीस वेळा फिरवा. या वेळी एक माणूस पॅनेलखाली डोकं घालून नळी आणि हार्नेस यांच्यातल्या अंतरावर लक्ष ठेवून हवा. पडदा दुसरा कोणीही बघेल.