हार्डवेअर शिकायचंय आणि मराठीत लिहायचंय, नागपुरात सुरुवात कुठून करू?

महालकन्या
नमस्कार. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरचा जुना डेस्कटॉप एप्रिल लागला की दुपारी आपोआप बंद पडतो. दुकानात नेला की चालू करून देतात, पण नेमकं काय झालं होतं ते कोणी सांगत नाही. मला ते स्वतः शिकायचंय, आणि शिकेन तसं मराठीत लिहायचंय. मराठीत शोधलं तर कॉम्प्युटरच्या भागांची नावं सापडतात. मशीन बंद पडलं तर आधी काय बघायचं, हे फार कमी सापडतं. कोर्स लावू की एखादं जुनं मशीन घेऊन बसू? आणि कितपत आल्यावर लिहायला घ्यावं?

बर्डीचा_बेंच
ताई, कोर्स नंतर. आधी एक जुनं मशीन घ्या, घरचं सोडून. घरच्यावर काम अडलेलं असते, म्हणून हात मोकळा चालत नाही.

सध्या जुनं मशीन मिळणं सोपं आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे चांगले चालणारे डबे लोक काढून राहिले. शिकायला तेच उत्तम. बर्डीत (सीताबर्डीत) मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्या फिरा, दोन-चार ठिकाणी भाव विचारा आणि समोर चालू करून दाखवा म्हणा. ब्रँडेड ऑफिस मशीन असेल तर एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) कनेक्टर साधा २४ पिनांचा आहे का ते बघा. काही मॉडेलांत तो वेगळा असते, मग एसएमपीएस गेला की बदली मिळवायला फिरावं लागते.

घरी आणलं की आधी काही दुरुस्त करायला जाऊ नका. उघडा, फोटो काढा, एकेक भाग काढून परत लावा. रॅम काढून मशीन चालू करा, स्पीकर असेल तर बीप ऐका. दरवेळी प्लग काढून, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घाला. डीडीआर३ आणि डीडीआर४ रॅम शेजारी ठेवा, खाच वेगळ्या जागी आहे ते दिसेल. एकाच्या जागी दुसरी बसतच नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मल्टिमीटरवर मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवते. तो उतरला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर चांगल्या साइटलाही सर्टिफिकेटची एरर देते. लोक नेट खराब आहे म्हणून वायफायवाल्याला बोलावतात.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही: एसएमपीएसचा डबा उघडणे. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असते, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकते. बिघडला तर पूर्ण बदला.

धंतोली_लॅब
दुपारी बंद पडण्याबद्दल. मी कॉलेजच्या लॅबमध्ये काम करते, नागपुरात मशीन बंद पडण्याचं हे मोठं कारण आहे. खोली १० अंशांनी तापली की त्याच कामाला प्रोसेसरही साधारण तितकाच तापतो. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आधी वेग कमी करतात आणि तरीही तापले तर बंद होतात. त्यात आपल्याकडे खोलीत पाण्याचा कूलर. ओलसर हवेत धूळ हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर चिकटून बसते, नुसत्या फुंकरीने निघत नाही. मशीन कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, वाऱ्याने त्याला भरधाव फिरू देऊ नका. आणि रॅमचे पिन खोडरबराने घासा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

बर्डीचा_बेंच
मॅडम, खोडरबराला माझा विरोध आहे. चुरा स्लॉटमध्ये जातो आणि पिनांवरचा सोन्याचा पातळ थर घासला जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा.

धंतोली_लॅब
अल्कोहोल चांगलंच. पण गावातल्या शाळेत ते हाताशी नसतं. तिथे मऊ खोडरबर, हलका हात आणि नंतर ब्रश, हे मी सांगत राहीन.

टेबलावरची_नोंद
लिहिण्याबद्दल मला सांगायचंय. पूर्ण शिकून झाल्यावर लिहीन म्हणाल तर लिहिणं होणारच नाही. आज जे डोळ्यांनी पाहिलं आणि मोजलं, तेवढंच आज लिहा. मदरबोर्डचं मॉडेल, लक्षण, आधीचा आकडा, तुम्ही काय बदललं, नंतरचा आकडा. एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, केबल आणि पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट) एकत्र बदललं आणि मशीन चाललं, तर वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. तापमानाला एचडब्ल्यूइन्फो, डिस्कला क्रिस्टलडिस्कइन्फो, रॅमला मेमटेस्ट८६ वापरा, आणि आकडा कशावर घेतला तेही लिहा. दुसऱ्याच्या मशीनचा फोटो टाकताना सिरियल नंबर झाका.

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, तिथेही भर घाला. पण तिथे स्वतःचा अनुभव चालत नाही, छापील किंवा खात्रीचा आधार लागतो. अनुभव आपल्या ब्लॉगवर, आणि स्वतः काढलेले स्वच्छ फोटो मुक्त परवान्याने विकिमीडिया कॉमन्सवर. मराठी नावं दिलेला सॉकेटचा एक नीट फोटो शिक्षकांना वर्षानुवर्षं कामाला येतो.

महालकन्या
सगळ्यांचे मनापासून आभार. जुनं मशीन मिळेपर्यंत घरच्याचंच साइड पॅनल उघडलं, फक्त साफ करायला. पंखा फिरत होता, पण हीटसिंकच्या पात्यांवर धुळीची गादी होती, हवा जातच नव्हती. ही पहिली नोंद, तपासून द्या: "खोली ३९ अंश. साफ करण्याआधी व्हिडिओ चालू असताना प्रोसेसर ९४. ब्लोअर मारल्यावर तोच व्हिडिओ, ७२. पेस्ट बदललेली नाही."

बर्डीचा_बेंच
चांगली नोंद आहे. व्हिडिओ किती वेळ चालवला ते टाका, आणि दुसऱ्या वेळीही खोली ३९ च होती का तेही. पेस्ट बदललेली नाही हे लिहिलं ते फार बरं केलं. आता पेस्ट बदला, तेवढाच वेळ चालवा आणि तिसरा आकडा त्याच्याच खाली लिहा.

उघडण्याआधी मशीन थोडं चालवून गरम करा, वाळलेली पेस्ट नरम पडते. मग बंद करून प्लग काढा. इंटेलचा कंपनीचाच पंखा असेल तर चारही खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. लावताना त्या परत जागेवर फिरवा आणि समोरासमोरच्या दोन एकत्र दाबा, चारही टिक वाजल्या पाहिजेत. एखादी वाजली नसेल तर हीटसिंक एका बाजूने उचललेली राहते आणि तापमान आधीपेक्षा वाढते. बोर्डाच्या मागून बघून घ्या.