काडीसकट आणलेले पोळे: मेण खावे का, मध कुठे ठेवावा?

रानमेवा

नमस्कार. गेल्या रविवारी वाईहून पुण्याला परतताना रस्त्याकडेला बसलेल्या एका माणसाकडून मधाचे पोळे विकत घेतले. तळहाताहून थोडे मोठे असलेले हे पोळे घरच्या काट्यावर ४२० ग्रॅम भरले. वरच्या अंगाला बोटाएवढी जाड काडी पोळ्यातच रुतलेली आहे, जणू पोळे तिच्याभोवती लिंपूनच घेतले असावे. काडीजवळचा भाग चांगला फुगीर असून तेथील घरे पांढुरक्या, पातळ पापुद्र्याने बंद आहेत. त्याखाली पिवळ्या-नारिंगी भुकटीने भरलेला एक पट्टा आहे आणि सर्वांत खालचा भाग कोरडा, तपकिरी व मध नसलेला दिसतो. मात्र तेथीलही काही घरांना झाकणे आहेत.

यातले काय खायचे आणि काय टाकायचे, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. मेण पोटात गेल्यास अपाय होतो का? पोळे फ्रिजमध्ये ठेवावे की बाहेर?

दुसरी अडचण अशी की, महाबळेश्वर तालुक्यातील एका नातलगांनी दिलेल्या जांभळाच्या मधाच्या बाटलीवर पांढरा फेस आला आहे आणि झाकण उघडताना सोड्याच्या बाटलीसारखा आवाज होतो. ‘मध कधीच खराब होत नाही’ असे लहानपणापासून ऐकत आले आहे, त्यामुळे हा मध भेसळीचा आहे की काय, अशी शंका येते. तिसरी गोष्ट, परागाची एक बाटली भेट म्हणून आली आहे. ती कशी वापरतात? आमची मुलगी आठ महिन्यांची आहे आणि सासूबाईंची इच्छा आहे की, एवढा अस्सल मध घरात आला आहे, तर तिला बोटभर चाटवावा. याबाबतही जाणकारांनी लिहावे.

डोंगरमाथा

आपण काडीचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण त्यावरूनच माशी ओळखता येते. आपल्याकडचे हे पोळे फुलोरी माशीचे आहे. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते; आग्या उंच झाडाला किंवा कड्याला एकच मोठे पोळे टांगते; फुलोरी मात्र झुडपातल्या बारीक फांदीला वेढून एकच लहान पोळे करते आणि मध साठवते तो नेमका त्या फांदीभोवतीच्या फुगीर भागात.

म्हणजे खाण्याचा भाग काडीलगतचा. पापुद्र्याने बंद असलेली घरे ही पिकलेल्या मधाची खूण आहे, कारण फुलांतून आणलेल्या पातळ रसातले पाणी पंखांच्या वाऱ्याने आटवून झाल्यावरच माश्या घरावर मेणाचे झाकण घालतात. पिवळी भुकटी म्हणजे माश्यांनी लाळ व मध मिसळून दाबून बसवलेला पराग. तो थोडा आंबट-तुरट लागतो आणि खाता येतो, परंतु पहिल्यांदा खाणाऱ्याने तो मोहरीच्या दाण्याएवढाच घ्यावा. खालच्या तपकिरी भागातील झाकणांखाली माश्यांची पिल्ले आहेत. अनेक ठिकाणी लोक ती भाजून आवडीने खातात, पण आपण तो भाग आज आठवडाभर उष्ण हवेत ठेवलेला असल्याने पिल्ले मेली असणार आणि कुजू लागली असणार. तेव्हा धारदार सुरीने परागाच्या पट्ट्याच्या वर आडवा छेद देऊन खालचा सगळा भाग काढून टाका. हे आजच करा, नाहीतर त्याचा वास मधाला लागेल.

मेणाने अपाय होत नाही. ते पचत नाही, जसेच्या तसे बाहेर पडते. तरी वाटीभर मेण गिळण्यात काही शहाणपण नाही. आमच्या घरची पद्धत सांगतो. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवली की, तिचा पापुद्रा बोटाने फोडायचा, आत लोण्याचा गोळा आणि त्यावर दोन बोटे रुंदीचा पोळ्याचा तुकडा ठेवून पापुद्रा पुन्हा मिटायचा. मेण वितळायला सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअस उष्णता लागते, त्यामुळे भाकरीच्या वाफेने ते पूर्ण वितळत नाही, नुसते मऊ पडते, घरे फुटतात आणि मध लोण्यात उतरतो. गार भाकरीवर तेच मेण दाताला चिकटते. नुसते पोळे खायचे असेल, तर चावून रस घ्यावा आणि उरलेली गोळी थुंकावी.

पोळे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. त्या गारव्याने मध घरांतच रवा धरतो आणि मग तुकडा वाळूसारखा लागतो. झाकणाच्या कोरड्या काचेच्या बरणीत, ओट्यापासून दूर, सावलीत ठेवा. मात्र बरणीत घालण्यापूर्वी तुकडा हवाबंद पिशवीत गुंडाळून दोन दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवा, कारण रस्त्याकडेच्या पोळ्यात मेणकिड्याची अंडी असू शकतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. पंधरा दिवसांनी घरांतून कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बोगदे दिसू लागतात तेव्हा कळते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, तुकडा खोलीच्या उष्णतेला येऊ द्यावा, नाहीतर हवेतले बाष्प त्यावर बसते.

एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहितो. फुलोरीचे पोळे सबंध फांदीसह तोडण्याची गरज नसते. वरचा मधाचा भाग कापून घेऊन पिल्लांचा भाग पुन्हा फांदीला बांधता येतो. आपल्या हातात काडीसकट, पिल्लांसकट पोळे आले, म्हणजे ती वसाहत उठली. पुढच्या वेळी पोळे हवे असल्यास पेटी पाळणाऱ्या मधपाळाकडून मधकोठीतले (पेटीच्या वरच्या, फक्त मध साठवण्याच्या कप्प्यातले), मेणपत्रा म्हणजे पोळ्याच्या पायासाठी लावतात तो मेणाचा तयार पातळ पत्रा न लावता माश्यांनी स्वतः बांधलेले पांढरे पोळे मागा. मेणपत्रा असलेले पोळे मधोमध जाड व चिवट लागते आणि त्या पत्र्यात पॅराफिन मिसळलेले असण्याचीही शक्यता असते. मांघर या महाबळेश्वर तालुक्यातील गावाला २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला. त्या पट्ट्यात असे मधपाळ भेटतील.

सहाणखोड

मुलीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायला हवे होते, म्हणून मी तेवढेच लिहिते. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध चाटवू नये, बोटभरही नाही, पोळ्यातला नाही आणि बाटलीतलाही नाही.

मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजाणुके असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीपासून स्थिरावलेले जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती रुजतात आणि तेथेच विष तयार करतात. सुरुवात बद्धकोष्ठाने होते, मग रडण्याचा आवाज क्षीण होतो, दूध ओढण्याची ताकद कमी होते, मान व हातपाय लुळे पडतात. हा आजार क्वचित होतो, हे खरे. पण मध किती शुद्ध आहे याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही आणि घरी मध गरम करून ही बीजाणुके मरत नाहीत.

सासूबाईंना हे सांगणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे. आमच्याकडे जन्मल्याबरोबर सोन्याच्या अंगठीने मध-तूप चाटवण्याची रीत होती आणि माझ्या आईने ती माझ्या मोठ्या मुलाच्या वेळी पार पाडलीही. दुसऱ्या खेपेस मी तिला एवढेच म्हणाले की, गुटी उगाळताना सहाणेवर तू स्वतः आईचे दूध घेत होतीस, मध नव्हे. आताही तेच घेऊ. हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग यांचे वळसे दुधात उगाळले जातात हे तिला पाठ होते, त्यामुळे वाद झाला नाही. आपल्या घरी गुटीची तयार बाटली येत असेल, तर तिच्यात मध आहे का, हे लेबलावर पाहून घ्या. पहिल्या वाढदिवसानंतर खुशाल चाटवा.

परागाबद्दल थोडेसे. ज्यांना फुलांच्या परागाने शिंका, दमा किंवा अंगावर गांधी येतात, त्यांनी ती बाटली उघडूच नये. परागाने आणि राजान्नानेही, म्हणजे राणीमाशीच्या अळीला भरवल्या जाणाऱ्या पांढऱ्या स्रावानेही, जिवावर बेतणारी ॲलर्जी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. ज्यांना असा त्रास नाही त्यांनी दोन-चार दाण्यांपासून सुरुवात करून हळूहळू चमचाभर, दह्यावर किंवा फळांवर घालून खावा.

काटा_आणि_माप

आता फेसाच्या बाटलीकडे वळतो. आपला मध भेसळीचा आहे असे त्या फेसावरून म्हणता येत नाही. उलट साखरेचा दाट पाक सहसा असा फुगत नाही. मध कधीच खराब होत नाही हे वाक्य अर्धे आहे. त्यात पाणी कमी असेल तोवर त्यातील यीस्ट निपचित पडून राहते; पाणी वाढले की ते जागे होते, साखर खाते, वायू सोडते आणि मध आंबतो. आपल्या देशातील अन्नसुरक्षा नियमांत मधातील पाण्याची मर्यादा २० टक्के आहे ती काही उगाच नव्हे.

जांभळाचा बहर मार्च-एप्रिलचा. महाबळेश्वरच्या डोंगरावर मे अखेरीस वळवाच्या सरी आणि धुके सुरू झाले की, हवेतील ओलावा माश्यांच्या वारा घालण्यावर मात करतो. अशा वेळी, किंवा झाकणे पडण्याआधी घाईने काढलेला मध पातळ राहतो. त्यातून तो यंत्रात फिरवण्याऐवजी पोळे हाताने पिळून काढला असेल, तर पराग आणि पिल्लांचा रसही त्यात उतरतो. मग आंबायला वेळ लागत नाही.

घरी एक साधी चाचणी करता येते. छोट्या बाटलीवर खूण करा, खुणेपर्यंत पाणी भरून नुसत्या पाण्याचे वजन काढा. मग ती बाटली पूर्ण कोरडी करून त्याच खुणेपर्यंत मध भरा आणि मधाचे वजन काढा. मधाच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागले की, चांगल्या पिकलेल्या मधाचे उत्तर १.४ किंवा त्याहून किंचित अधिक येते. १.३७ च्या आसपास आले, तर पाणी जास्त आहे असे समजावे. फेस आणि बुडबुडे आधी काढून टाका, नाहीतर माप चुकेल. ही चाचणी फक्त पाणी दाखवते, शुद्धता नाही, कारण पाकाचेही वजन मुद्दाम तेवढे ठेवता येते. पाण्यात धार सोडून पाहणे, वात भिजवून पेटवणे, टीपकागदावर थेंब ठेवणे, मुंग्यांची परीक्षा घेणे, या सर्व गमती आहेत. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासून घेतले, तेव्हा सर्व कसोट्यांना केवळ तीन उतरले आणि त्यासाठी जर्मनीतील प्रयोगशाळेत चुंबकीय अनुस्पंदनाची (एनएमआर) चाचणी करावी लागली. तेथे आपल्या मुंग्यांनी काय करावे?

आंबट वास सौम्य असेल, तर मध फेकू नका, पण घट्ट झाकणाने बंदही ठेवू नका, बाटली फुटू शकते. फ्रिजमध्ये ठेवून लिंबू सरबतात लवकर संपवा. दारूसारखा उग्र वास असेल किंवा बुरशी दिसत असेल, तर मोह सोडा.

आणि एक पुस्ती, कारण कोणीतरी विचारणारच: रवा धरलेला मध बिघडलेला नसतो. मोहरीचा मध काही आठवड्यांत घट्ट होतो. बरणी ४० अंशांच्या आतल्या, म्हणजे बोट सहज बुडवून ठेवता येईल अशा पाण्यात ठेवावी. उष्ण केलेला मध विषासारखा होतो, म्हणून तो तापवू नये, असे चरकसंहितेतही सांगितले आहे. आजची प्रयोगशाळा विषाऐवजी विकरे (एन्झाइम) नष्ट होतात आणि साखर तापल्याने तयार होणारा एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो, एवढेच म्हणते. कारणे निराळी असली तरी गॅसवर पातेले चढवू नये, यावर दोघांचे एकमत आहे.

रानमेवा

सर्वांचे मनापासून आभार. खालचा भाग कापला. आत खरोखरच पांढऱ्या अळ्या होत्या आणि वास येऊ लागला होता. मधाचा तुकडा २६० ग्रॅमचा निघाला, तो सध्या बर्फाच्या कप्प्यात आहे. बाटलीचे माप १.३६ आले. सासूबाईंना ‘सहाणखोड’ यांचे उत्तर वाचून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या की, त्यांच्या आईनेही सहाणेवर दूधच घेतले होते. पराग मी घेणार नाही, मला दरवर्षी सुगीच्या दिवसांत शिंकांचा त्रास होतो. चावून उरलेल्या मेणाच्या गोळ्या आणि रिकामे पोळे साठवून काही करता येते का?

डोंगरमाथा

चावलेल्या गोळ्या टाकून द्या. रिकामे पोळे कोमट पाण्यात दोनदा खळबळून धुवा, जुन्या सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून पाण्याच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि पळीने दाबत राहा. मेण कापडातून गळून वर तरंगते आणि गार झाल्यावर त्याची चकती निघते. मेण कधीही थेट जाळावर वितळवू नये, ते पेट घेते. आपल्या तुकड्यातून फार तर सुपारीएवढे मेण निघेल. ते एक भाग आणि खोबरेल चार भाग, वाटी उकळत्या पाण्यात धरून एकत्र करा. पावसाळ्यात टाचांच्या भेगांना रात्री लावायला आमच्याकडे तेच मलम असते.