मदत हवी आहे: पीसीएसएक्स२वर 'बुली', वेग १०० टक्के दिसतो तरी गेम अडखळतो

मागचा_बाक

'बुली' हा शाळेतला गेम पीसीएसएक्स२वर, म्हणजे पीसीवर प्लेस्टेशन २चं सोंग घेणाऱ्या प्रोग्रामवर, पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतलाय. प्लेस्टेशन २ची मूळ २००६ची आवृत्ती, चकती युरोपातली, म्हणजे कव्हरवर 'कॅनिस कॅनेम एडिट' असं नाव असलेली. बायोस (कन्सोलचा अंतर्गत प्रोग्राम) स्वतःच्या कन्सोलमधून काढलाय आणि आयएसओ (चकतीची फाइलरूप प्रत) स्वतःच्या डीव्हीडीची आहे, तेव्हा कुणी लिंका देऊ नका. अडलंय ते सेटिंगपाशी.

सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. पीसीएसएक्स२ २.२, रेंडरर (चित्र काढणारा भाग) व्हल्कन, रिझोल्यूशन मूळच्या चौपट.

१. तिसऱ्या प्रकरणात बर्फ सुरू झाल्यापासून गावात सायकल चालवताना चित्र अडखळतं. कोपऱ्यातला वेगाचा आकडा मात्र १०० टक्क्यांवरून हलत नाही.

२. माणसांच्या कडांना पुसट दुसरी कड दिसते. ती घालवायला 'मॅन्युअल हार्डवेअर फिक्सेस' चालू केलं, तर उलट वाढली.

३. ६० एफपीएसचा (सेकंदाला ६० फ्रेमचा) पॅच सापडला, पण अमेरिकन चकतीचा. फाइलचं नाव बदलून माझ्या चकतीचा क्रमांक दिला. आता गेम सुरू होतो आणि पहिल्याच लोडिंगला बंद पडतो.

टाचणी

आधी तिसरा मुद्दा, कारण तो चालू असेपर्यंत बाकीचं तपासण्यात अर्थ नाही. ती फाइल उडवा.

पॅचमध्ये 'अमुक पत्त्यावर अमुक आकडा लिहा' एवढंच असतं. अमेरिकन चकतीचा क्रमांक 'एसएलयूएस'ने सुरू होतो, युरोपातल्या चकतीचा 'एसएलईएस'ने. दोन्हींचा प्रोग्राम वेगवेगळा बांधलेला, त्यामुळे एकीत ज्या पत्त्यावर फ्रेमचा हिशेब असतो तिथे दुसरीत भलतंच काही असतं. फाइलच्या नावात चकतीचा क्रमांक आणि सीआरसी (प्रोग्रामवरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो तो याच पडताळणीसाठी. नाव बदललंत म्हणजे कुलूपच काढून टाकलंत.

शिवाय तुमची चकती पाल (युरोपातली टीव्ही पद्धत), ५० हर्ट्झची. मूळ गेम त्यात सेकंदाला २५ फ्रेम काढतो, अमेरिकन चकतीत ३०. तुमच्या चकतीचा योग्य पॅच मिळाला तरी दुप्पट म्हणजे ५०च होणार.

मागचा_बाक

उडवली. लोडिंग पूर्ववत झालं. अडखळणं आणि दुहेरी कडा तशाच.

जुनी_चकती

दुहेरी कडांचं सांगतो. पीसीएसएक्स२ चकतीचा क्रमांक बघून आपल्या गेम डेटाबेसमधले उपाय आपोआप लावतो. 'मॅन्युअल हार्डवेअर फिक्सेस' चालू केलं की ग्राफिक्सचे हे आपोआप लागणारे उपाय सगळेच्या सगळे बंद होतात. तिथे तशी सूचनाही असते, पण ती वाचतं कोण!

म्हणून आधी ते बंद करा. मग गेमच्या यादीत 'बुली'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ग्राफिक्स. इथे केलेला बदल फक्त याच गेमला लागतो. ब्लेंडिंग अ‍ॅक्युरसी 'बेसिक'वर ठेवा आणि रिझोल्यूशन मूळपट करून बघा. मूळपटीला कड गेली, तर दोष मोठं करण्यात आहे. झगमगाटाचा थर मूळ चित्रावर बसवताना गेम मूळ आकाराचे पिक्सेल मोजतो. चित्र चौपट झालं की तो थर किंचित सरकतो आणि तीच तुमची दुसरी कड. स्वयंचलित उपायांनी भागलं नाही, तरच मॅन्युअलमध्ये जाऊन 'हाफ पिक्सेल ऑफसेट'चे पर्याय एकेक करून बघा. दोन गोष्टी एकदम बदलू नका.

स्टॉपवॉच

अडखळण्याबद्दल. वेगाचा तो आकडा एवढंच सांगतो की तुमचं मशीन आभासी कन्सोलला वेळेवर हाकतंय. त्या कन्सोलच्या आत गेमला दम लागला असेल, तर ते तिथे दिसत नाही. १०० टक्के वेगाने चालणारा प्लेस्टेशन २सुद्धा बर्फात फ्रेम गाळू शकतो.

सेटिंगमध्ये ऑनस्क्रीन डिस्प्लेत सीपीयू आणि जीपीयूचा वापर दाखवायला लावा. वेग १००च्या खाली गेला आणि 'ईई' (इमोशन इंजिन, प्लेस्टेशन २चा मुख्य प्रोसेसर) शंभराला टेकला, तर प्रोसेसर कमी पडतोय. जीपीयू टेकला तर रिझोल्यूशन चौपटीवरून तिपटीवर आणा. वेग १०० आणि दोन्ही निवांत असतील, तर तुमच्या मशीनचा काही दोष नाही, कितीही महागडं कार्ड घातलंत तरी फरक पडणार नाही.

तुमचे 'ईई सायकल रेट' आणि 'ईई सायकल स्किपिंग' कशावर आहेत?

मागचा_बाक

ईई ४० ते ५०, जीपीयू २०च्या आसपास. रेट १०० टक्के. स्किपिंग 'मॉडरेट'वर आहे. कमजोर मशीनसाठीच्या एका जुन्या मार्गदर्शिकेत तसं होतं.

स्टॉपवॉच

मग चोर सापडला. स्किपिंग म्हणजे आभासी प्रोसेसरचं काम मधूनमधून गाळणं. तुमच्या मशीनवरचा भार हलका होतो, आकडा १०० दिसत राहतो आणि गेमच्या वाट्याला मात्र अर्धपोटी प्रोसेसर येतो. दिसायला वेग, खेळायला रखडपट्टी. 'डिसेबल्ड' करा.

त्यानंतरही गावात झटके आले, तर रेट १३० टक्के करा. मूळ कन्सोलवर जिथे फ्रेम गळायच्या, तिथेही बऱ्याचदा सुधारतं. एकदम ३०० टक्क्यांवर उडी नको: ईईचा वापर चढतो आणि काही गेमचं वेळेचं गणित बिघडतं.

खडूचीपूड

एवढी उस्तवार करण्यापेक्षा विंडोजवरची 'स्कॉलरशिप एडिशन' का नाही खेळत? २००८ची आहे, चार विषय जास्त (जीवशास्त्र, संगीत, गणित, भूगोल) आणि आठ मोहिमा जास्त.

जुनी_चकती

खेळावी की, पण तीही आयती नाही. विंडोज १०वर ती बंद पडते आणि 'सायलेंटपॅच' (चाहत्यांकडचा दुरुस्ती पॅच) लावावा लागतो. शिवाय तिचं इंजिन वेगळं, गेमब्रायो. मूळ प्लेस्टेशन २चा गेम रेंडरवेअरवरचा, त्यामुळे उजेड आणि रंग सारखे दिसत नाहीत. प्लेस्टेशन २चं सेव्हही तिथे चालणार नाही. ज्याला मूळ गेमच हवाय त्याला हा पर्याय सांगणं म्हणजे विषय बदलणं.

मागचा_बाक

स्किपिंग बंद केल्यावर झटके जवळजवळ गेले. १३० टक्क्यांवर सायकल सरळ जाते. मॅन्युअल बंद केल्यावर कडाही गेल्या, चौपटीला सुद्धा.

आता दोनच शंका. रसायनशास्त्राच्या तासाला बटण दाबलं की किंचित उशिरा लागतं. आणि माझ्या चकतीचा ५० एफपीएसचा पॅच मिळालाच तर लावू का?

टाचणी

बटणासाठी एम्युलेशनच्या सेटिंगमध्ये 'ऑप्टिमल फ्रेम पेसिंग' चालू करा. फ्रेमा आगाऊ तयार करून रांगेत ठेवणं थांबतं आणि बटणाचा उशीर कमी होतो. बदल्यात मशीनवर थोडा भार पडतो, पण तुमच्याकडे तेवढी जागा आहे. दूरचित्रवाणी संचावर खेळत असाल तर त्यावरचा 'गेम मोड'ही लावा, कधीकधी खरा उशीर तिथेच असतो.

पॅच लावायचाच असेल तर तपासून लावा. गेमचा हिशेब ठरावीक फ्रेमदरावर बांधलेला असला की दर दुप्पट केल्यावर काही गोष्टी दुप्पट वेगाने पळतात. पॅचशिवाय खेळातलं घड्याळ नऊवरून दहावर जायला किती सेकंद घेतं ते मोजा, मग पॅच लावून तेच मोजा. तफावत आली तर पॅच काढा, नाहीतर ९:३०च्या तासाला पोचायच्या आत दांडी लागेल. रसायनशास्त्र आणि जिममधली कुस्तीही दोन्हींत खेळून बघा. आणि दुप्पट फ्रेमांसाठी रेट १८० टक्के लागेल, १३०मध्ये भागेलसं वाटत नाही.

स्टॉपवॉच

एक राहिलं. हे मोजमाप सेव्ह स्टेटवरून करू नका. स्टेटमध्ये त्या क्षणाची अख्खी मेमरी असते, पॅचने बदललेले आकडेसुद्धा. पॅच बंद करून जुनी स्टेट उघडलीत, तर तो पॅच अजून जिवंत असू शकतो. वसतिगृहातल्या वहीपाशी जाऊन मेमरी कार्डवर सेव्ह करा, पीसीएसएक्स२ पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि गेमच्या मेनूतून ते सेव्ह घ्या. कार्डाची ८ एमबीची फाइल 'मेमकार्ड्स' फोल्डरमध्ये असते, तिची एक प्रत बाजूला काढून ठेवा. पीसीएसएक्स२ची नवी आवृत्ती आल्यावर जुन्या स्टेट उघडतीलच असं नाही, कार्ड मात्र चालतं.