जमिनीखाली साठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर म्यूऑनांच्या साहाय्याने नजर ठेवता येईल का?

प्रश्न:
उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात 1996 पासून कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या उत्सिरा वालुकाश्मात सोडला जात आहे, आणि तो कुठवर पसरला हे काही वर्षांच्या अंतराने भूकंपीय सर्वेक्षण करून पाहिले जाते. मधल्या काळात विश्वकिरणांतील म्यूऑन (खडकात खोलवर शिरणारे, पण वाटेतल्या भारामुळे घटत जाणारे सूक्ष्म कण) मोजून अखंड देखरेख करता येईल, असे वाचनात आले. हे कितपत व्यवहार्य आहे?

प्रतिसाद 1:
तत्त्व सरळ आहे. खडकाच्या छिद्रांतील खारे पाणी हटून तेथे हलका वायू आला, की वरचा भार घटतो आणि साठ्याखालच्या डिटेक्टरपर्यंत थोडे अधिक म्यूऑन पोहोचतात. अडचण संख्येची आहे. भूपृष्ठावर दर चौरस मीटरवर मिनिटाला सुमारे दहा हजार म्यूऑन पडतात. इंग्लंडमधील बोल्बी खाणीत, 1,100 मीटर खोलीवर, तेवढ्याच जागेत दिवसभरात जेमतेम तीसेक येतात. उत्सिरासारख्या सच्छिद्र खडकातला दहा मीटर जाडीचा थर वायूने भरला, तर भार साधारण एक मीटर पाण्याइतका उतरेल आणि माझ्या अंदाजाने गणती पाव टक्क्याच्या आसपास वाढेल. तो फरक नुसता जाणवण्यासाठीही दीड लाखांहून अधिक म्यूऑन जमवावे लागतील, म्हणजे दहा चौरस मीटरचा डिटेक्टर जवळपास दीड वर्ष चालवावा लागेल.

प्रतिसाद 2:
मला ऋतूंची चिंता अधिक वाटते. उन्हाळ्यात वातावरणाचा वरचा थर तापून विरळ होतो, तेथील पायॉनांना (ज्या कणांच्या विघटनातून म्यूऑन बनतात) हवेवर आदळण्याआधी विघटित व्हायला अधिक वाव मिळतो, आणि खोलवरची गणती वाढते. इटलीतील ग्रान सास्सो प्रयोगशाळेत हा वार्षिक चढउतार एक टक्क्याहून अधिक आढळला आहे. समुद्राखाली भरती-ओहोटीचीही त्यात भर पडते. त्यामुळे साठ्याबाहेर, त्याच खोलीवर, दुसरा डिटेक्टर ठेवून दोन्ही गणतींचे गुणोत्तर पाहण्यावाचून गत्यंतर नाही. (खोलीनुसार म्यूऑन कसे घटतात, याची पायाभूत मोजणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कोलारच्या सोन्याच्या खाणीत केली होती, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.)

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. परंतु जेथे खाणच नाही, तेथे डिटेक्टर साठ्याखाली न्यायचा कसा?

प्रतिसाद 1:
आडव्या विंधनविवरातून. पंधरा सेंटिमीटर रुंदीचे विवर एक किलोमीटर लांब असेल, तर दीडशे चौरस मीटर क्षेत्र मिळते आणि दीड वर्षाचे काम महिना-सव्वा महिन्यावर येते. मात्र त्यातून हाती येईल ती संपूर्ण किलोमीटरची सरासरी. वायूची कड नेमकी कुठे पोहोचली हे हवे असेल, तर विवराचे भाग पाडून मोजावे लागेल आणि प्रतीक्षा पुन्हा लांबेल.