जाहिरातीमुळे विक्री झाली, की ती तशीही होणारच होती?

निळी_शाई
ऑनलाइन दुकानाच्या जाहिरात-अहवालात 'महिन्याच्या २४० ऑर्डरपैकी १५० जाहिरातीमुळे' असा आकडा येतो. त्यात दोन प्रकारचे लोक धरलेले दिसतात. काहींनी वस्तू आधीच कार्टमध्ये टाकलेली असते आणि मग त्यांना आठवण करून देणारी जाहिरात दिसते. काही जण दुकानाचंच नाव सर्चमध्ये टाकतात आणि सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक करून येतात. या लोकांचं मन जाहिरातीने वळवलं असं म्हणायचं का? खरा परिणाम मोजायचा तर नेमकं काय करावं लागेल? महिन्याला १२,००० वेगवेगळे लोक येतात आणि त्यातले २ टक्के घेतात, असं धरून सांगा.

मोजपट्टी
नाही म्हणायचं. खरेदीआधी त्या माणसाचा जाहिरातीशी संबंध आला होता, एवढंच तो अहवाल सांगतो. कार्टवाल्यांना दाखवायची जाहिरात मुळातच खरेदीच्या उंबरठ्यावर आलेल्यांना निवडून दाखवली जाते. त्यामुळे 'पाहिलेले' आणि 'न पाहिलेले' यांची तुलना केली की जाहिरात जिंकणारच, मग ती कोरी पाटी का असेना.

नावाने शोधणाऱ्यांबद्दल एक पक्का पुरावा आहे. २०१२ मध्ये ईबे या ऑनलाइन बाजारपेठेने काही सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावाच्या शब्दांवरच्या जाहिराती बंद केल्या. ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा गेलेल्या क्लिक्सपैकी ९९.५ टक्के खालच्या फुकटच्या निकालांवरून परत आलेले दिसले. ज्यांत ईबेचं नाव नाही अशा शब्दांवरच्या जाहिरातींचा परिणाम नवीन आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर झाला, पण जाहिरातीचा बहुतेक खर्च नेहमीच्या ग्राहकांच्या क्लिक्सवर जात होता. हा निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला.

मोजायची रीत अशी. लोकांची आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी करा, एका गटाला जाहिरात अजिबात दाखवू नका आणि शेवटी दोन्ही गटांतल्या *सगळ्यांची* खरेदी मोजा. जाहिरात-गटातल्या काहींना ती प्रत्यक्षात दिसलीच नसेल. त्यांना वगळायचा मोह होतो, पण वगळलंत की चिठ्ठ्या टाकून मिळवलेला समतोल गेला.

आता संख्या. २ टक्क्यांवरून २.२ टक्के एवढी वाढ ओळखायला प्रत्येक गटात साधारण ८०,००० माणसं लागतात (८० टक्के शक्ती, म्हणजे खरा फरक असेल तर तो शंभरपैकी ८० वेळा सापडावा, आणि ५ टक्के सार्थकता पातळी, म्हणजे फरक नसताना 'आहे' असं शंभरपैकी ५ वेळाच निघावं, हे धरून). तुमच्याकडे महिन्यात गटाला ६,००० होतील. एवढ्यात दर २ वरून २.८ टक्क्यांवर गेला तरच तो भरवशाने पकडता येईल. म्हणून सगळ्या दुकानावर चाचणी लावू नका, कार्टवाल्यांपुरती लावा. समजा, त्यांच्यातले ३० टक्के तसेही घेतात. मग ३० वरून ४० टक्के ही वाढ ओळखायला गटाला ३६०-३७० माणसं पुरतात. ३० वरून ३३ ओळखायला मात्र ३,८०० लागतील.

चाचणी सहसा दोन ठिकाणी बिघडते. रोज आकडा पाहून 'फरक दिसला' की थांबवली जाते. मुदत आधी ठरवा आणि ती पूर्ण होऊ द्या. दुसरं म्हणजे एकच माणूस फोनवर एका गटात आणि संगणकावर दुसऱ्या गटात पडतो, आणि खरा फरक असला तरी तो पुसट दिसतो. लॉगिनच्या ओळखीवर वाटणी केली तर हे बरंच टळतं.

सावकाश
मोजपट्टी यांच्या रीतीशी सहमत. पण महिन्याभराची चाचणी एक मोठा परिणाम पाहूच शकत नाही. कुठल्याही महिन्यात प्रत्यक्ष खरेदीच्या विचारात असलेले लोक थोडे असतात. बाकीच्यांसाठी जाहिरातीचं काम एवढंच, की गरज पडेल तेव्हा नाव आठवावं आणि परकं वाटू नये. मानसशास्त्रज्ञ झायोंक यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की नुसती वारंवार नजरेस पडलेली गोष्ट लोकांना अधिक आवडू लागते. ती ओळख तयार व्हायला वेळ लागतो आणि जाहिरात थांबल्यावर ओसरायलाही लागतो. म्हणून ब्रँडची जाहिरात एक महिना बंद केली आणि विक्री हलली नाही, यावरून ती निरुपयोगी ठरत नाही.

सवलतीचं याच्या उलट आहे. त्या आठवड्यात विक्री उसळते, नंतर खाली बसते, कारण पुढची खरेदी लोकांनी आधीच उरकलेली असते. म्हणून सवलत संपल्यावरही निदान एक पूर्ण खरेदी-चक्र मोजत राहा. वस्तू लोक तीन महिन्यांनी पुन्हा घेत असतील, तर तीन महिने.

(आणि न दिसणाऱ्या संदेशांनी मन वळवण्याची जी गोष्ट अजून सांगितली जाते, ती सोडून द्या. १९५७ मध्ये बाजार-संशोधक व्हिकरी यांनी तसा दावा केला होता. पुढे त्यांनी स्वतःच तो फुगवलेला असल्याचं कबूल केलं.)

कडीकोयंडा
निर्णय खरा फिरतो तो दुकानाच्या पानावर, पर्यायांच्या मांडणीत. ह्यूबर, पेन आणि पुटो या संशोधकांनी १९८२ मध्ये मांडलेला आमिषाचा पर्याय घ्या. अ स्वस्त आणि साधा, ब महाग आणि चांगला. त्यात क घाला: किंमत ब इतकीच, पण गुणांत ब पेक्षा उघड कमी. क कुणी घेत नाही, मात्र ब ची निवड वाढते. यात क ची तुलना ब शी सहज व्हावी लागते, अ शी नाही. क दोघांपेक्षाही वाईट ठेवला तर ब ला खास फायदा मिळत नाही. शिवाय २०१४ मध्ये फ्रेडरिक, ली आणि बास्किन यांनी दाखवलं, की गुण आकड्यांत लिहिलेले असतील तर हे चालतं. फोटो किंवा प्रत्यक्ष वस्तू समोर असेल तर परिणाम बहुतेक नाहीसा होतो. तक्त्यात मांडता येणाऱ्या सेवांना म्हणून ते जमतं, फोटो पाहून घ्यायच्या वस्तूंना फारसं नाही.

पान पुन्हा उघडलं की नव्याने सुरू होणारा 'फक्त १० मिनिटं' चा काटा आणि कधीच न आकारलेली खोडलेली किंमत, ही सरळ फसवणूक आहे. ती करू नका, आणि कुणी ती 'क्लृप्ती' म्हणून शिकवत असेल तर ऐकू नका. मांडणीत कुठलाही बदल केलात की ऑर्डरसोबत परत आलेल्या वस्तू आणि दुसऱ्यांदा आलेले ग्राहकही मोजा. घाईने घेतलेलं बरंच तिथे उलटतं.

निळी_शाई
फार उपयोगी. मग सुरुवात कुठून करू?

मोजपट्टी
नावाच्या शब्दांवरच्या सर्च जाहिरातीपासून. आधी तुमचं नाव शोधून बघा, त्यावर दुसऱ्या कुणाची जाहिरात येते का. येत नसेल तर दोन आठवडे बंद, दोन आठवडे चालू, असे तीन फेरे करा. जाहिरातीवरचे आणि फुकटच्या निकालावरचे क्लिक वेगळे न धरता बेरीज बघा. प्रतिस्पर्धी त्या जागेवर बसलेला असेल तर ईबेचा निष्कर्ष तुम्हाला तसाच लागू होणार नाही. मग ती जाहिरात तूर्त चालू ठेवा आणि कार्टवाल्यांची चाचणी आधी घ्या.