व्हीआरएसचा कागद पुढे आला की सही करायची का नाही?

फर्स्ट शिफ्ट
आमच्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यात परत व्हीआरएसचं (स्वेच्छानिवृत्तीचं) वारं सुटलंय. आमच्या कंपनीतही (नाव लिहीत नाही, चूल अजून तिथल्याच पगारावर पेटते) नोटीस बोर्डवर स्कीम लागलीय, ४५ वर्षांच्या वरचे सगळे परमनंट पात्र. माझं मत सरळ आहे, पन्नाशी ओलांडली असेल आणि मुलांची शिक्षणं बाकी असतील तर सही करू नका. लोकं खालचा टोटलचा आकडा बघून हुरळतात, तो आकडा कसा जमवलाय ते कुणी बघत नाही.

माझ्या लाइनवरच्या मित्राचं सांगतो. वय ५३, सर्व्हिस २९ वर्षं, बेसिक-डीए मिळून ३८ हजार, सगळे अलाउन्स धरून ५५ च्या आसपास. एरवी टोकन नंबरनं ओळखणाऱ्यांनी त्या दिवशी "या काका, बसा" केलं, चहा मागवला आणि एक कागद पुढे सरकवला, त्यावर सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली आधीच मारलेली. खाली ठळक अक्षरात ४१ लाख. माणूस घरी आला तो हवेतच.

मग आम्ही दोघं त्याच्या ओट्यावर कागद घेऊन बसलो. त्या ४१ मधले १७ लाख त्याचा स्वतःचा पीएफ. सव्वासहा लाखांच्या वरची ग्रॅच्युइटी, ती कायद्यानं सर्व्हिसच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार या हिशोबानं मिळतेच, आज सोडा नाहीतर ५८ ला सोडा. दीडेक लाख शिल्लक रजेचे, तेही त्याचेच. कंपनी खिशातून देणार ते फक्त वर्षाला ४५ दिवसांप्रमाणे १६ लाख ५३ हजार. आणि रिटायरमेंटला ६० महिने बाकी आहेत, नुसती बेसिक-डीए धरली तरी २२ लाख ८० हजार होतात. अलाउन्स, बोनस, पीएफचा कंपनीचा हिस्सा वेगळाच. म्हणजे त्याच्याच पैशात थोडे पैसे घालून त्यालाच विकत घ्यायचं चाललंय.

पुढचं ऐका. कंपनीचा मेडिक्लेम सुटल्या दिवशी बंद. याला शुगर आहे, नवीन पॉलिसी घेतली तर जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग लावतात. पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीमला ८.२ टक्के व्याज आहे पण व्हीआरएसवाल्यालाही ५५ पूर्ण लागतात, म्हणजे अजून दोन वर्षं तीही नाही. आणि पीएफची पेन्शन म्हणाल तर २९ वर्षं राबून ५८ ला चार-पाच हजारांच्या घरात, कारण तिचा हिशोब आधी साडेसहा हजार आणि २०१४ नंतर १५ हजार पगारावरच धरतात. आधी घ्यायची तर वर्षाला ४ टक्के कपात, ती जन्मभराची.

काम कुठं गेलेलं नाही हे लक्षात घ्या. मशीन तेच, शिफ्ट तीच, ऑर्डर पण आहे. फक्त ५५ हजारांच्या माणसाच्या जागी १८ हजारांचा ट्रेनी उभा करायचाय. असं असताना आपण आपल्या हातानं का उठायचं?

सातपूरचा
दादा, हिशोब बरोबर मांडलाय पण तो एका गोष्टीवर उभा आहे, की सही नाही केली तर ५८ पर्यंत पगार चालू राहील. हे तुम्हाला कुणी लिहून दिलंय?

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत होतो, पहिल्याच स्कीमला सही केली. तेव्हा सगळ्यांनी भित्रा म्हटलं, गेट मीटिंगला नाव घेऊन बोलले. जे राहिले त्यांना आधी काम देणं बंद केलं, नुसतं शेडमध्ये बसवायचे आठ तास, मोबाइल गेटवर जमा. मग बदलीची पत्रं आली, थेट दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला, पन्नाशीच्या माणसाला. घर इथं, म्हातारे आईवडील इथं, कोण जाणार? दुसरी स्कीम आली ती पहिलीपेक्षा कमी होती आणि तिला सगळ्यांनी गुपचूप सह्या केल्या.

कंपनी रीतसर बंद झाली तर कायद्यानं भरपाई वर्षाला १५ दिवस. तुम्हाला ४५ देतायत. शिवाय आधी शंभरावर कामगार असले तर कंपनी बंद करायला सरकारची परवानगी लागायची, नोव्हेंबर २०२५ ला नवीन लेबर कोड लागू झाले आणि ती मर्यादा ३०० वर गेली. उद्या तुमच्या हातात आजच्यापेक्षा कमी पत्ते असणार आहेत.

तळेगावचं जनरल मोटर्स बघा. डिसेंबर २०२० ला उत्पादन थांबलं, कामगारांनी पॅकेज नाकारलं, कोर्ट झालं, उपोषणं झाली. २०२३ ला ह्युंदाईनं प्लांट घ्यायचा करार केला त्यात जमीन होती, इमारती होत्या, मशिनरी होती, माणसं नव्हती. १९८२ च्या संपातल्या अडीच लाख गिरणी कामगारांचं तर सांगायलाच नको, त्यांची मुलंसुद्धा आता म्हातारी व्हायला आली घराच्या यादीत नाव शोधता शोधता. लढणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, खरंच आहे, पण पोराची फी कोर्टाच्या तारखेवर भरता येत नाही.

हिशोबनीस
दोन्ही बाजूंनी एक-एक गोष्ट सुटलीय. व्हीआरएसच्या रकमेतले ५ लाख करमुक्त असतात, तेही आयुष्यात एकदाच. बाकीचे साडेअकरा लाख त्या वर्षीच्या उत्पन्नात धरतात, म्हणून सही करायचीच असेल तर शक्यतो एप्रिलमध्ये सुटा, मार्चमध्ये नको, नाहीतर वर्षभराचा पगार आणि ही रक्कम एकाच वर्षात येते.

दुसरं, तुलना करताना पुढच्या कमाईचाही आकडा घ्या. त्या मित्राला बाहेर २० हजारांचं काम मिळालं तर पाच वर्षांत १२ लाख, अधिक हे साडेसोळा, म्हणजे साडेअठ्ठावीस. राहिला तर ५५ च्या हिशोबानं ३३. फरक साडेचार लाखांचा. तेवढ्यासाठी सातपूरच्या दादांनी सांगितलं तसली पाच वर्षं काढायची का, हा प्रश्न आहे. घराचं कर्ज फिटलेलं असेल तर मी म्हणेन सुटा. फिटलेलं नसेल तर खुर्ची सोडू नका.

फर्स्ट शिफ्ट
@हिशोबनीस, २० हजारांचं काम कुठं मिळतं ५३ व्या वर्षी? जरा चाकणला फिरून या. कॉन्ट्रॅक्टर पोरं घेतो बाविशीची, आमचा बायोडेटा हातात पण घेत नाहीत. मागच्या स्कीमला गेलेले लोक बघतोय ना मी, एक टूलरूमचा माणूस, ज्याच्या हाताला मायक्रोमीटर न लावता दोन शतांश मिलिमीटरचा फरक कळायचा, तो आज सोसायटीच्या गेटवर १२ तासांची ड्युटी करतो, गाड्यांचे नंबर वहीत लिहितो. पगार १५. काम वाईट नाही, कुठलंच काम वाईट नाही, पण ती अक्कल तीस वर्षांत तयार झाली होती आणि ती आता कुणाच्याच उपयोगाची नाही याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या गणितात हे कुठं बसवायचं?

लेकीची आई
सगळे पुरुष बोलतायत म्हणून मधे बोलते. तुमच्यापैकी किती जणांनी सही करायच्या आधी घरात विचारलं? आमच्या ह्यांनी सही करून आल्यावर सांगितलं. का तर म्हणे तुला टेन्शन नको. टेन्शन नंतर आलंच की, आणि दुप्पट आलं.

पैसे खात्यात आले आणि ते नातेवाइकांना कसं कळतं देव जाणे. दिरांना धंद्यासाठी दिले, गावच्या घराच्या स्लॅबला दिले, आयुष्यात पहिल्यांदाच हातात एवढी रक्कम आल्यावर नाही म्हणायला यांची जीभ रेटेना. उरलेले एफडीत टाकले, त्याच्या व्याजावर घर चालत नाही म्हणून मोडून मोडून खातोय. लेकीचं स्थळ बघतोय, बायोडेटात वडील काय करतात तिथं हे म्हणतात रिटायर्ड लिही, समोरचे फोनवर विचारतात एवढ्या लवकर कसे रिटायर्ड? हे शेजारच्या खोलीत ऐकत असतात.

मी सही करू नका असं म्हणत नाही, करा असंही म्हणत नाही. पैसे आले की पहिल्या दिवशी नवराबायकोच्या जॉइंट नावानं मंथली इन्कमला टाका (पोस्टात जॉइंटला १५ लाखांपर्यंत चालतात) आणि सगळ्यांना सांगा पैसे अडकलेत म्हणून. आणि पुरुषमाणसाला घरी काहीतरी काम लागतं हो. हे पहिले काही महिने सकाळी पाचलाच उठून बसायचे, कंपनीची बस गेल्याचा आवाज येईपर्यंत पेपरसुद्धा उघडायचे नाहीत.

हिंजवडी फेज थ्री
वाचून असं वाटतंय की तुम्हाला निदान एक कागद मिळतो ज्यावर आकडे असतात. मी ४८, आयटीत, डिलिव्हरी मॅनेजर होतो. दुपारी कॉलवर घेतलं, राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटर नीट मिळेल, नाही दिलात तर टर्मिनेशन, संध्याकाळपर्यंत सांगा. रात्री लॅपटॉप लॉक. दोन-तीन महिन्यांचा पगार मिळाला, बस. युनियन नाही, आणि मॅनेजर म्हणजे कायद्यानं कामगार नाही म्हणून ती वर्षाला १५ दिवसांची भरपाई लागू होत नाही. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये १२ हजारांच्या वर माणसं कमी करायचं जाहीर केलं त्यात बहुतेक मिडल आणि सीनियर लेव्हलचीच होती, म्हणजे माझ्याच वयाची. त्यामुळे मी सातपूरच्या दादांच्या बाजूनं, वर्षाला ४५ दिवस कुणी देत असेल तर घ्या.

डोंबिवली फास्ट ट्रॅक
व्हीआरएसला एवढं घाबरायचं काय ते कळत नाही. बीएसएनएलच्या ७८ हजारांहून जास्त लोकांनी एका झटक्यात घेतली, ३१ जानेवारी २०२० ला सगळे एकाच दिवशी बाहेर, मुंबईत एमटीएनएलचेही हजारो होते. माझे सासरे त्यातलेच, सकाळी वॉक, दुपारी झोप, वर्षाला दोन टूर. पन्नाशीनंतर माणसानं जगावं की नाही?

फर्स्ट शिफ्ट
सासऱ्यांना नमस्कार सांगा, पण त्यांना पेन्शन आहे हो. दर महिन्याला, महागाई भत्त्यासकट. आमची पेन्शन वर सांगितली, त्यात वॉक होईल, टूर नाही.

आयटीआय फिटर
मला माफ करा काका लोक, पण मी त्या १८ हजारांतला आहे. चार कंपन्या झाल्या, कुठं सात महिने, कुठं अकरा, परमनंट करायची वेळ आली की ब्रेक. तुमच्या शेजारच्या मशीनवर तुमच्याएवढेच पीस काढतो. तुम्ही २९ वर्षं ५५ हजारांवर होतात, घर झालं, मुलं शिकली. कुणीतरी उठल्याशिवाय आमचा नंबर कधी लागणार? मी लग्नाचं नावसुद्धा काढू शकत नाही या पगारावर. युनियन तुमच्या व्हीआरएसच्या दिवसांवर भांडते, आमच्या ब्रेकवर कधी भांडली?

सातपूरचा
या पोरानं खरं बोलून दाखवलं. आमच्या पण युनियननं ट्रेनी लोकांना कधी मेंबर केलं नाही.

फर्स्ट शिफ्ट
@आयटीआय फिटर, तुझा राग मला पटतो, पण मी उठलो तर माझी जागा तुला मिळणार नाही बाळा, ती जागाच रद्द होणार आहे. आमच्याकडे मागच्या स्कीमला गेलेल्यांच्या जागी एकही परमनंट भरला नाही, एकही. परमनंट ही पोस्टच कंपनीला नकोय. आम्ही आहोत तोवर निदान कँटीनचा दर, सेफ्टी शूज, बसची सोय यावर कुणीतरी तोंड उघडतं, ते तुलाही मिळतं. तुमच्या ब्रेकवर भांडायला पाहिजे होतं हे मी मान्य करतो आणि येत्या मीटिंगला तो मुद्दा मी मांडणार.

आयटीआय फिटर
काका मांडा. पण परमनंट ही पोस्टच संपवायचीय तर तुमच्या पाच वर्षांनी आमचं काय होणार, त्याचं उत्तर अजून नाही मिळालं.

हिशोबनीस
@फर्स्ट शिफ्ट, तुमची युनियन नक्की काय मागतेय?

फर्स्ट शिफ्ट
वर्षाला ६० दिवस, ५८ पर्यंत नवराबायकोचा मेडिक्लेम, आणि जो सही करणार नाही त्याची बदली करायची नाही. हे तीन मिळाले तर ज्याला जायचंय त्यानं खुशाल जावं, मी अडवणार नाही. मी स्वतः मात्र राहणार, मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

सातपूरचा
मेडिक्लेम मागताय तर पॉलिसी कुणाच्या नावानं आणि प्रीमियम कोण भरणार हे अॅग्रीमेंटमध्ये घालून घ्या. आम्हाला तोंडी सांगितलं होतं, पहिल्या वर्षी कार्ड आलं, दुसऱ्या वर्षी आलं नाही, विचारायला गेलो तर तो एचआरवालाच सोडून गेलेला. आणि बदलीचं कलम साहेब शेवटच्या रात्री वगळतात, सहीच्या आधी शेवटचं पान परत वाचा.